बटण नऊवरच अडकतं तेव्हा: जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरचा गेन कसा आवरावा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मामाच्या घरात रात्री अकरानंतर मोठ्यानं काही लावता येत नाही. भिंतीला भिंत लागून घरं, वरच्या मजल्यावर लहान मूल. तिथे आम्ही माळ्यावरचा जुना वीस-वीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पुसून-झटकून पुन्हा मांडला, फोनला एक छोटा डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी डबी) जोडला आणि फैयाज खाँसाहेबांचा आलाप लावला. खाँसाहेब बडोद्याच्या दरबारचे गायक, 1950 साली इथेच गेले; त्यांच्या ध्वनिमुद्रिका सगळ्या मोनो. म्हणजे आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहायला हवा. तसं झालं नाही. व्हॉल्यूमचं बटण जरा सरकवलं तर फक्त उजवा स्पीकर बोलायला लागला. आणखी जरा सरकवलं, डावा जागा झाला, पण तोवर आवाज खोलीबाहेर गेला होता. घड्याळाच्या काट्याच्या भाषेत सांगायचं तर सात वाजता शांतता, आठ वाजता एकच कान आणि नऊ वाजता शेजारी जागे. नऊपासून पाचपर्यंतचा पुढचा सगळा फेरा वाया.

असे अ‍ॅम्प्लिफायर अजून पुष्कळ घरांत आहेत. कॉस्मिक, सोनोडाइन, नॉर्ज, फिलिप्स, कुणी परदेशातून येताना आणलेला एनएडी, कुणी स्वतः सुटे भाग आणून बांधलेला. ते दुरुस्त करण्याजोगे आहेत. त्यांत मोठे ट्रान्सफॉर्मर आहेत, सुटे ट्रान्झिस्टर आहेत, आत हात घालायला जागा आहे. वरची तक्रार घेऊन ते दुकानात गेले, की बहुतेक वेळा ‘व्हॉल्यूम कंट्रोल खराब’ असं निदान होतं, नवा कंट्रोल पडतो आणि दुखणं तसंच राहतं. कारण दुखणं कंट्रोलमध्ये थोडं आणि गेनमध्ये जास्त आहे.

गेन म्हणजे आत आलेला सिग्नल बाहेर जाताना किती पट झाला, तो आकडा. ज्या काळात हे अ‍ॅम्प्लिफायर बनले, त्या काळात त्यांच्यात येणारा सिग्नल अशक्त असे. ट्यूनर किंवा टेपरेकॉर्डर दीड-दोनशे मिलिव्होल्ट द्यायचा. म्हणून मागच्या पट्टीवर ‘ऑक्स 150 मिलिव्होल्ट’ असं लिहिलेलं दिसतं: इतक्याच सिग्नलवर, व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना, अ‍ॅम्प्लिफायर आपली सगळी ताकद देतो. मग 1982 मध्ये सीडी आली आणि तिच्यासोबत 2 व्होल्टचं आउटपुट रूढ झालं. आजचे बरेच घरगुती डॅकही तेवढंच देतात. म्हणजे सिग्नल तेरा पटींहून जास्त मोठा झाला आणि अ‍ॅम्प्लिफायर मात्र अजून जुन्या, दुबळ्या पाहुण्याची वाट पाहत बसला आहे. त्याचा यात काही दोष नाही. त्याचा जास्तीचा गेन काढून घेतला तर त्याची ताकद कमी होत नाही, हे आधी मनात पक्कं करा. वीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर वीस वॅटचाच राहतो. त्या वीस वॅटपर्यंत पोचायला बटणाला प्रवास करावा लागतो, एवढाच फरक.

थोडा हिशोब करू. 8 ओहमच्या स्पीकरला 20 वॅट द्यायचे तर स्पीकरवर साधारण 12.65 व्होल्ट यायला हवेत. 150 मिलिव्होल्टमधून ते काढायचे म्हणजे 84 पट, अर्थात 38.5 डेसिबल गेन. 2 व्होल्टमधून काढायचे तर सव्वासहा पट, म्हणजे 16 डेसिबल पुरतो. मधले साडेबावीस डेसिबल आज नुसते बसून आहेत, आणि ते आवरण्यासाठी आपण व्हॉल्यूमचं बटण तळाशी दाबून धरतो. ज्यांना डेसिबलची सवय नाही त्यांनी दोनच गोष्टी लक्षात ठेवाव्यात: 6 डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट, 20 डेसिबल म्हणजे दहापट.

आता बटण तळाशी असलं की काय बिघडतं? स्टिरिओचा व्हॉल्यूम कंट्रोल म्हणजे एकाच दांड्यावर बसलेले दोन कार्बनचे कंट्रोल. वरच्या बाजूला दोघं बऱ्यापैकी सोबत चालतात. तळाशी मात्र फारकत होते. स्वतः मोजून पाहा. अ‍ॅम्प्लिफायर बंद, प्लग काढलेला. कंट्रोलची एक बाजू सोडवून ग्राउंडचं टोक आणि मधलं टोक यांत मल्टिमीटर लावा. आठ वाजताच्या जागी एका भागात 1 किलोओहम आणि दुसऱ्यात 1.4 किलोओहम दिसले, तर दोन स्पीकरमध्ये जवळजवळ 3 डेसिबलचा फरक आला. गाणारा माणूस मधून उठून बाजूला जाऊन बसायला तेवढा पुरतो. बॅलन्सचं बटण फिरवून तो सावरता येतो, पण व्हॉल्यूम बदलला की पुन्हा बिघडतो, कारण प्रत्येक कोनात हा फरक वेगळा असतो.

आधी फुकटची चाचणी

झाकण उघडण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, फोनमधला किंवा संगणकातला आवाज खाली आणा आणि अ‍ॅम्प्लिफायरचं बटण वर घ्या. आवाज मधोमध आला, बटण आरामात फिरू लागलं, तर पुढे सांगितलेला पहिला बदल तुमच्या उपयोगाचा आहे. 24 बिटच्या डॅकमध्ये असा बारा-तेरा डेसिबल आवाज उतरवून काही हरवत नाही, तेव्हा ज्यांना हेच चालतं त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. माझ्या घरी ते चालत नाही: सीडी प्लेअरला असं बटण नाही आणि फोन घरातल्या चार हातांत फिरतो.

दुसरी चाचणी सळसळीची. काहीही न वाजवता स्पीकरजवळ कान न्या. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही सळसळ ऐकू येते का? येत असेल तर ती कंट्रोलच्या पुढच्या भागातली आहे, म्हणजे टोनच्या सर्किटमधली किंवा पॉवर स्टेजमधली. व्हॉल्यूम वाढवल्यावरच ती वाढत असेल तर मागच्या भागातली. हे वेगळं करणं फार महत्त्वाचं आहे, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. कंट्रोलच्या आधी गेन उतरवला तर बटणाला जागा मिळते, पण पुढची सळसळ तसूभरही कमी होत नाही. सळसळ घालवायची तर कंट्रोलच्या पुढचा गेन उतरवावा लागतो. बरेच हौशी लोक पहिलं करतात, दुसऱ्याची अपेक्षा धरतात आणि मग अ‍ॅम्प्लिफायरच वाईट म्हणून पुन्हा माळ्यावर टाकतात.

आणि एक: खरखर, बूं आवाज, एक चॅनल मधूनमधून जाणं, हे गेनचे प्रश्न नव्हेत. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीचं तापमान चाळिशीच्या आसपास असतं, आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा नियम असा, की दर 10 अंश वाढले की त्याचं आयुष्य निम्मं होतं. चाळीस वर्षांचे कंडेन्सर बहुधा सुकलेलेच निघतात. पावसाळ्यात सिलेक्टर स्विचचे संपर्क काळे पडतात. आधी कंडेन्सर बदला, स्विच आणि कंट्रोल कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवा, सुटलेले डाग पुन्हा भरा. आजारी अ‍ॅम्प्लिफायरवर गेनचे प्रयोग केले तर कशानं काय झालं ते कधीच कळत नाही.

पहिला बदल: मागच्या सॉकेटपाशी

हा सगळ्यांनी करावा असा. प्रत्येक चॅनलला दोन रेझिस्टन्स, एवढंच काम. सॉकेटच्या गरम टोकाकडून आत जाणारी तार सोडवा आणि तिथे 33 किलोओहमचा रेझिस्टन्स मालिकेत घाला. त्याच्या आतल्या टोकापासून सॉकेटच्याच ग्राउंडला 10 किलोओहम द्या. पुढे 100 किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल असेल तर तोही 10 किलोओहमशी समांतर येतो, हिशोबात 9.1 किलोओहम धरा. सिग्नल जवळजवळ 13.3 डेसिबलनं उतरतो. 2 व्होल्टचे 0.43 व्होल्ट होतात. अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण ताकदीला 0.15 व्होल्ट हवेत, म्हणजे अजून नऊ डेसिबल शिल्लक आहेत.

ती शिल्लक मुद्दाम ठेवली आहे. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं पुष्कळदा हळू पातळीवर असतं, आणि त्यासाठी बटणाला वर जायला जागा लागते. ज्यांची खोली लहान आहे आणि ऐकणं बहुतेक रात्रीचं, त्यांनी 47 किलोओहम आणि 5.6 किलोओहम घेऊन थेट 20 डेसिबल उतरवले तरी पूर्ण ताकद मिळते, फक्त शिल्लक अडीच डेसिबलच उरते. फोनच्या साध्या डोंगलमधून अर्धा-एक व्होल्ट येत असेल तर दोन्ही रेझिस्टन्स 10 किलोओहमचे घ्या, 6 डेसिबल पुष्कळ झाले. मी 13 डेसिबलवर राहतो.

रेझिस्टन्स पाव वॅटचे, एक टक्क्याचे मेटल फिल्मचे घ्या. दहा-दहा घ्या आणि मल्टिमीटरवर जोड्या लावा. डावा-उजवा सारखा ठेवणं हाच तर सगळ्या कामाचा हेतू. खालच्या रेझिस्टन्सचं टोक शॅसीच्या पत्र्याला कुठेही जोडू नका, त्याच सॉकेटच्या ग्राउंडला जोडा. जवळचा पत्रा सोयीचा दिसतो म्हणून तिथे डाग दिला की ग्राउंडचं वेटोळं तयार होतं आणि बूं आवाज सुरू होतो. मीही एकदा ते केलं आहे आणि अख्खी संध्याकाळ फिल्टर कंडेन्सरवर संशय घेण्यात घालवली आहे.

तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला मागे पाच पिनांचं डिन सॉकेट असेल तर गोंधळू नका. पिनांचे आकडे ओळीनं 1, 4, 2, 5, 3 असे येतात. मधली 2 नंबरची पिन ग्राउंड. टेपच्या सॉकेटात 3 डावा आणि 5 उजवा, हे आत येणारे सिग्नल; 1 आणि 4 बाहेर रेकॉर्डिंगला जाणारे. झाकण न उघडता काम करायचं असेल तर डिनच्या प्लगमध्येच हे चार रेझिस्टन्स मावतात. प्लगला जोडलेली ती वायर मग कायमची ‘सीडीची वायर’ होते आणि अ‍ॅम्प्लिफायरला हातही लागत नाही. ज्यांच्याकडे वडिलांची आठवण म्हणून जपलेला सेट आहे, त्यांना मी हाच मार्ग सांगतो.

फोनो असं लिहिलेल्या सॉकेटात फोन किंवा सीडी प्लेअर कधीही लावू नका, मध्ये रेझिस्टन्स घालूनही नको. ते सॉकेट 2 ते 5 मिलिव्होल्टच्या मॅग्नेटिक कार्ट्रिजसाठी आहे आणि 1954 पासून रूढ झालेल्या आरआयएए वळणाप्रमाणे तिथे खालचे स्वर जवळजवळ 20 डेसिबलनं उचलले जातात, वरचे तेवढेच दाबले जातात. काही स्वस्त सेटांत मात्र ‘पिकअप’ नावाचं सॉकेट सिरॅमिक कार्ट्रिजचं असतं, जी शेकडो मिलिव्होल्ट देते. आपलं कुठलं, ते सर्किट पाहूनच ठरवा.

दुसरा बदल: कंट्रोलच्या पुढे

सळसळ जाचत असेल त्यांच्यासाठी हा भाग. इथे घाई नको.

अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ अशी सॉकेटं एका छोट्या दुव्यानं जोडलेली असतील तर तुम्ही सुदैवी. 1978 साली आलेल्या एनएडी 3020ला ती आहेत आणि अशा स्वस्त, गुणी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती सोय फार मोलाची. दुवा काढा आणि त्याच्या जागी 10 किलोओहम मालिकेत, 4.7 किलोओहम ग्राउंडला असा भाग द्या. पॉवर स्टेजचा स्वतःचा 22 किलोओहमचा भार धरला तर सिग्नल 11 डेसिबलनं उतरतो, आणि टोन सर्किटमधली सळसळही तेवढीच उतरते. स्वरांच्या मधली रिकामी जागा अगदी निःशब्द होते. तानपुऱ्याच्या तारेचं विरणं शेवटपर्यंत ऐकू येतं. मात्र एक किंमत आहे. पॉवर स्टेजला पूर्वी 0.38 व्होल्ट लागत असतील तर आता प्री स्टेजला साधारण 1.36 व्होल्ट द्यावे लागतात. बेसचं बटण 10 डेसिबल वर असेल तर खालच्या स्वरांना 4.3 व्होल्ट, म्हणजे शिखरापासून शिखरापर्यंत 12 व्होल्ट. 20 व्होल्टच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या एका ट्रान्झिस्टरच्या स्टेजला ते कठीणच जातं. म्हणून इथे 10-11 डेसिबलच्या पुढे जाऊ नका.

दुवा नसेल तर पॉवर स्टेजच्या फीडबॅककडे वळावं लागतं. पॉवर स्टेजचा गेन दोन रेझिस्टन्स ठरवतात: आउटपुटकडून परत येणारा मोठा आणि तिथून ग्राउंडला जाणारा लहान. मोठ्याला लहानानं भागा, एक मिळवा, तो गेन. 22 किलोओहम आणि 680 ओहम असतील तर 33 पट, साडेतीस डेसिबल. लहान 1.5 किलोओहमचा केला तर पावणेसोळा पट, चोवीस डेसिबल. सळसळ निम्म्याहून खाली.

बदलायचा तो लहान रेझिस्टन्स, मोठा नव्हे. या लहानाच्या मालिकेत बहुधा 47 किंवा 100 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो, त्यामुळे त्यातून डीसी जात नाही आणि तो बदलल्यानं आउटपुटचा मध्यबिंदू हलत नाही. मोठ्यातून मात्र डीसी वाहतो. तो बदलला की मध्यबिंदू सरकतो, आणि ज्यांत आउटपुट कंडेन्सर नाही अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते डीसी सरळ स्पीकरच्या कॉइलमध्ये जातं. लहानाच्या मालिकेत कंडेन्सर दिसला नाही तर थांबा, त्या सर्किटचा नकाशा मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खरा धोका वेगळाच आहे. गेन कमी केला म्हणजे फीडबॅक वाढला. अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्यानं ठरावीक फीडबॅक धरून आत एक छोटा पिकोफॅरडचा कंडेन्सर ठेवलेला असतो, व्होल्टेज वाढवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये. तो स्टेजला वरच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या पट्टीत आवरून धरतो. फीडबॅक दुप्पट झाला तर ही लगाम अपुरी पडते आणि अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच डोलायला, गायला लागतो, शेकडो किलोहर्ट्झवर. कानाला काही कळत नाही, पण आउटपुट ट्रान्झिस्टर भाजतात. 2एन 3055 सारखे जुने, संथ ट्रान्झिस्टर असलेल्या सेटांत तर हे लवकर होतं. म्हणून गेन निम्मा केला तर तो कंडेन्सरही साधारण दुप्पट करावा लागतो, 47चा 100 पिकोफॅरड. त्यानं स्टेज थोडी संथ होते. घरच्या वीस वॅटला बहुतेक वेळा ते चालून जातं, पण ऑसिलोस्कोपवर पाहिल्याशिवाय मी तरी ते गृहीत धरत नाही.

आयसीवर बांधलेले सेट असतील तर आयसी बनवणाऱ्याची अट पाळा. टीडीए 2030ला 24 डेसिबलच्या खाली नेऊ नका, एलएम 1875ला दहा पटींच्या खाली. ही अट मोडली की तो डोलायला लागतो.

तुमच्याकडे ऑसिलोस्कोप नसेल आणि शिकवणारा जवळ नसेल तर पॉवर स्टेजच्या फीडबॅकला हात लावू नका, असं मी स्पष्ट सांगतो. पहिल्या बदलानं आणि चांगल्या कंट्रोलनं ऐंशी टक्के समाधान मिळतं. राहिलेल्या सळसळीसाठी स्पीकर फुटभर मागे सरकवणं हाही उपाय आहे, आणि त्यात काही जळत नाही.

नवा कंट्रोल घ्यायचाच झाला तर दुकानात मल्टिमीटर सोबत न्या. ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे लिनिअर, ही आजची रीत. जुन्या युरोपीय मालावर ती उलटीही आढळते, म्हणून बटण मध्यावर ठेवून मोजा. मध्यावर निम्मे ओहम दिसले तर तो लिनिअर, तुमच्या कामाचा नाही. दहा-पंधरा टक्के दिसले तर लॉग. मग नऊ वाजताच्या जागी दोन्ही भाग मोजा आणि जो सर्वांत सारखा तो घ्या. दुकानदार पहिल्या वेळी कंटाळतो. दुसऱ्या वेळी तोच डबा पुढे सरकवतो.

हात घालण्याआधीची शिस्त

प्लग काढा, स्विच बंद करणं पुरेसं नाही. अनेक स्वस्त सेटांत चालू-बंदचा स्विच व्हॉल्यूमच्या किंवा टोनच्या कंट्रोलच्याच पाठीवर असतो, म्हणजे 230 व्होल्ट समोरच्या पट्टीपर्यंत आलेले असतात, जिथे तुमची बोटं काम करणार असतात. त्या तारांवरचं रबर चाळीस वर्षांत बिस्किटासारखं झालेलं असतं. ते दिसलं तर गेन बाजूला ठेवा आणि आधी त्या तारा बदला. मोठे फिल्टर कंडेन्सर 100 ओहम, 5 वॅटच्या रेझिस्टन्समधून रिकामे करा, मल्टिमीटरनं खात्री करा.

काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावा, म्हणजे विजेच्या वाटेत मालिकेत 60 किंवा 100 वॅटचा जुना तारेचा बल्ब. आत काही शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि अ‍ॅम्प्लिफायर वाचतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. स्पीकर मात्र अजून नको. आधी आउटपुटला मल्टिमीटर लावून डीसी पाहा, 50 मिलिव्होल्टच्या आत असावा. मग 8 ओहम, 50 वॅटचा तारेचा रेझिस्टन्स लावून सिग्नल द्या. गेन मोजायला फोनच्या टोन जनरेटरवरून 400 हर्ट्झचा सूर घ्या, कारण साधे मल्टिमीटर त्याच्या वरच्या एसीवर खोटं बोलायला लागतात. आणि बाजारातला तो पिवळा, सर्वांत स्वस्त मल्टिमीटर या कामाला चालत नाही: त्याचा सर्वांत खालचा एसी आवाका 200 व्होल्टचा असतो. 2 व्होल्टचा किंवा त्याहून लहान एसी आवाका असलेला घ्या.

ऑसिलोस्कोप नसणाऱ्यांसाठी पॉवर स्टेज डोलते का हे ताडायच्या दोन जुन्या खुणा आहेत. आउटपुटजवळ 10 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरडची एक जोडी असते; सिग्नल नसताना तो 10 ओहमचा रेझिस्टन्स तापला किंवा त्याचा रंग करपलेला दिसला तर काहीतरी गडबड आहे. दुसरी, मीडियम वेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ अ‍ॅम्प्लिफायरजवळ आणून फिरवा. डायलवर जागोजागी नवी शिट्टी उमटली तर लगेच बंद करा. या खुणा संशय पक्का करतात, निर्दोषत्वाची हमी देत नाहीत.

गणपती किंवा गरब्याच्या मंडपात एके काळी राबलेला सेट हाती आला असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर जरूर तपासा. माझ्याकडे आलेल्या अशा सेटांत एका चॅनलला एका कंपनीची जोडी आणि दुसऱ्याला भलतीच, असं बऱ्याचदा दिसलं आहे. दोन चॅनलची उष्णता मग जुळत नाही.

माझे मामा कलाभवनात शिकले. 1890 साली बडोद्याचे महाराज सयाजीरावांनी काढलेली ती शाळा पुढे इथल्याच विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत मिसळली. मामा एक सवय तिथून घेऊन आले: एका वेळी एकच चॅनल बदलायचा. डावा केला की उजवा जुना ठेवून दोन दिवस ऐकायचं. मोनो गाणं लावायचं, बॅलन्सनं आवाज सारखा करायचा आणि मग आळीपाळीनं एकेक स्पीकर ऐकायचा. सळसळ कुठे कमी, झांज कुठे कर्कश, तबल्याची चाट कुठे बोथट, सगळं समोरासमोर कळतं. दोन्ही एकदम बदलले की तुलना आठवणीशी होते, आणि आठवण आपल्या मेहनतीची बाजू घेते. बदल पटला तरच उजवा करायचा.

आमच्या सेटमध्ये आम्ही 33 आणि 10 किलोओहमच घातले, पॉवर स्टेजला हात लावला नाही. आता रात्री बटण साडेनऊच्या पुढे असतं, आणि खाँसाहेब मधोमध बसतात. काढलेल्या तारा एका प्लॅस्टिकच्या पुडीत घालून मामांनी ती झाकणाच्या आत चिकटवली, शेजारी कागदावर चार ओळी: काय काढलं, काय घातलं, कुठल्या सॉकेटला, तारीख.